शेवाळेतात्यांची तंबाखूबंदी

आमच्या सोसायटीत तंबाखूच्या विरोधात सगळ्यात पोटतिडकीने कोण बोलत असेल, तर शेवाळेतात्या. आणि ते बोलतात तंबाखू तोंडात ठेवून. तात्या बोलायला उभे राहिले की आधी मान मागे टाकतात, हनुवटी छताकडे करतात आणि खालच्या ओठामागचा ऐवज सांडू न देता पंख्याकडे बघत म्हणतात, "बंदी पायजे. कडक बंदी पायजे." समोर बसलेल्यांना त्यांच्या नाकपुड्या तेवढ्या दिसतात.

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. मी ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते. सगळी नोकरी लोकांच्या साक्षी टाइप करण्यात गेली. माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की तो कोणाच्या बाजूचा आणि किती वेळाने फुटणार, हे मला वकिलांच्या आधी कळायचं. पण शेवाळेतात्या वादी आहेत की प्रतिवादी, हे मला कितीतरी दिवस कळलं नाही. बरं, विचारावं तर उत्तर ठरलेलं. "तसं नाय ते म्याडम. पण तसंच."

हे त्यांचं पेटंट वाक्य. "तात्या, गुडघा बरा आहे का?" तसं नाय, पण तसंच. "तात्या, मुलगा नवीन गाडी घेतोय म्हणे?" तसं नाय, पण तसंच. ऐकणारा मान हलवतो आणि चार पावलं गेल्यावर थबकतो, की अरे, घेतोय की नाही घेत?

तात्या मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात लागले. कारखान्याच्या चाळीत संसार केला, मुलगा वाढवला, आणि कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मुलाबरोबर इकडे बाळकुमला आमच्या टॉवरमध्ये राहायला आले. माझ्या समोरचंच दार. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, नात शाळा आणि क्लास यांच्यामध्ये लटकलेली. घरात दिवसभर मालनकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात. आणि तात्या खाली गेटजवळच्या बाकावर.

बाकावर बसून ते काय करतात? तंबाखू मळतात. डाव्या तळहातावर चिमूट, तिच्यावर नखाने चुना, आणि उजव्या अंगठ्याने सावकाश रगडणं. घाई अजिबात नाही. मग दोन चापट्या मारून भुकटी उडवायची आणि हात पुढे करायचा. स्वतः आधी खायची नाही, आधी शेजारच्याला द्यायची, ही त्यांच्या कारखान्यातली पद्धत. आमच्या यादव वॉचमनला ते रोज चिमूट देतात आणि देताना सांगतात, "घे. पण खाऊ नको. लई वाईट असती." बिचारा यादव चिमूट हातात धरून उभा. खावी तर तात्यांचा उपदेश मोडतो, टाकावी तर तात्यांचा मान जातो.

पुडीवर तो भयंकर फोटो असतो ना, त्याबद्दलही त्यांचं मत आहे. "फोटो अजून मोठा पायजे म्याडम. एवढ्याशा फोटोला कोण भीतंय?"

"मग तुम्ही नाही भीत?"

"मी भितो की. म्हणून तर पुडी उलटी ठेवतो."

एकदा मी आणि ते ठाण्याला एकाच बसस्टॉपवर उभे होतो. शेजारी एक गृहस्थ सिगारेट ओढत होता. तात्यांनी त्याला असा झाडला की रांग सगळी वळून बघायला लागली. सार्वजनिक जागा आहे, कायदा आहे, शिकलेसवरलेले दिसता, लाज नाही वाटत? तो बिचारा ओशाळला, सिगारेट पायाखाली विझवली. त्यावर तात्यांना त्याची दया आली. त्यांनी लगेच डबी काढली, म्हणाले, "ही घ्या. धूर तरी होत नाय." मी बस येईपर्यंत दुसरीकडे बघत उभी राहिले. आपण यांच्या शेजारी राहतो हे त्या माणसाला कळायला नको होतं.

आता रविवारचं सांगते. दर रविवारी सकाळी आमच्या मजल्यावर असा काही ठसका उठायचा की विचारू नका. मशेरी भाजण्याचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. तंबाखूची पानं तव्यावर कोळसा होईपर्यंत भाजायची, मग चुरून त्याची काळी पूड करायची. ती पूड बोटाने दातांना लावायची, म्हणजे दात घासल्यासारखंही होतं आणि नशाही होते. ही मशेरी मालनकाकूंची. पण भाजायचे तात्या. गॅलरीत छोटी गॅसची शेगडी मांडून, नाकाला पंचा बांधून. आमच्याकडे हे खिडक्या लावून घ्यायचे आणि खोकत खोकत म्हणायचे, "सेक्रेटरी आहेस ना? कर काहीतरी." मी सेक्रेटरी झाले ती दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. पण झाले ती झाले.

एका रविवारी गेले मी तणतणत. सून झोपलेली, मुलगा नातीला घेऊन पोहायच्या क्लासला. मालनकाकूंनीच दार उघडलं आणि घाईघाईने गॅलरीत परत गेल्या, पाटावर बसल्या. हातात रद्दी पेपरची घडी, तिने धूर बाहेर घालवत होत्या. तात्या उलथन्याने पानं परतत होते आणि कारखान्यातल्या कुठल्याशा जॉबरची, म्हणजे मुकादमाची, गोष्ट सांगत होते. गोष्ट जुनी असणार, कारण पुढचं वाक्य काकूच सांगत होत्या. "मग तो म्हणला, साहेब, मी झोपलो नव्हतो." आणि दोघंही हसत होती. मला बघून तात्यांनी उलथनं खाली ठेवलं.

"म्याडम, तुमची तक्रार बरोबर हाय," मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "ह्या असल्या वासाला बंदीच पायजे. तुम्ही नियम आणा. मी सही करतो."

"अहो, नियम कशाला? तुम्ही भाजू नका, झालं."

त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा तव्याकडे. म्हणाले, "तसं नाय ते."

आणि पानं पुन्हा परतायला लागले. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं की तक्रार मान्य झाली आहे आणि काहीही होणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या हॉलमध्ये दातांचं शिबिर झालं. दोन तरुण डॉक्टरणी आल्या, सगळ्यांना आ करायला लावून गेल्या. शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून तात्यांच्या अंगात आलं. बाक सोडून ते घरोघर फिरायला लागले. सोसायटी तंबाखूमुक्त करायची. गेटच्या आत खाणं बंद, ओढणं बंद, लावणं बंद, बाळगणं बंद, एकमेकाला देणंसुद्धा बंद. "काय पण सूट नको. सुटीतनं सगळं सुटतं," असं गालात बार ठेवून सांगत फिरायचे. तुमचं काय, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "माझं पण बंद करा. मी कुठं नाय म्हणतोय?" आणि खाली जाऊन बाकावर मळायला बसायचे.

लोक हसायचे. मीही हसले. पण एक गोष्ट मला कळेना. हा माणूस लिफ्टमध्ये भेटला की विचारायचा, "मीटिंग कधी हाय?" दूध घ्यायला दार उघडलं की समोरच्या दारातून, "तारीख ठरली का?" कोर्टात ज्याची जमीन अडकलेली असते तो पक्षकार असा तारखेसाठी मागे लागतो. यांचं काय अडकलं होतं? उलट नियम झाला तर सगळ्यात आधी यांचाच बाक बंद होणार होता आणि यांच्याच बायकोची मशेरी. शेवटी मी चेअरमनच्या मागे लागून मीटिंग लावली, तेवढ्याने तरी तात्या थांबतील म्हणून.

आमचे चेअरमन पाटीलसाहेब अस्सल बाळकुमचे. आमचा टॉवर उभा आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या चुलत्यांची भातशेती होती, हे ते प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला सांगतात. तेही सांगून झालं. मग तात्यांनी मान मागे टाकून ठराव मांडला. कडक बंदी, सूट नाही. टाळ्या झाल्या. कोणी विरोधात आहे का, असं मी विचारलं. कोणी नव्हतं. एकमत. मला वाटलं आता वडा आणि चहा.

तेवढ्यात राणेकाका उठले. ते स्वतः सिगारेट ओढतात. म्हणाले, "ठरावाला माझा शंभर टक्के पाठिंबा. पिचकाऱ्यांनी जिन्याची वाट लागलीय. फक्त गच्चीचा उल्लेख नको. गच्ची म्हणजे काय, वर आकाशच आहे." पाटीलसाहेबही गच्चीवरचेच, त्यांनी मान डोलावली. गच्ची वगळली.

मग एक जण म्हणाला, पाठिंबा आहेच, पण जावई आले तर? जावयाच्या खिशातली पुडी वॉचमन काढून घेणार का? जावई वगळले. जावई वगळले म्हणून व्याही वगळावे लागले. नंतर पान निघालं. पान हे लग्नकार्याचं, मंगल, त्यात आत काय आहे हे उघडून थोडंच बघणार? पान वगळलं. प्रत्येक जण उठताना "ठराव कडकच पाहिजे" असं म्हणून उठत होता आणि बसताना त्यातलं काहीतरी काढून घेऊन बसत होता. आणि गंमत म्हणजे कोणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांना बंदी मनापासून हवी होती. शेजारच्याला.

तात्या प्रत्येक सुटीला "नको, नको" म्हणत होते, पण वर बघत म्हणत असल्यामुळे कोणाला उद्देशून म्हणतायत ते कळत नव्हतं.

शेवटी सावंतकाकू उठल्या. मालवणच्या. "आणि मशेरी नाही हां यात," त्या म्हणाल्या. "मशेरी म्हणजे काय तंबाखू नव्हे. ती जाळून कोळसा केलेली असते. जळल्यावर राहतं काय त्यात? आमच्या आईचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. ते दंतमंजन आहे हो."

मागच्या रांगेतल्या बायकांनी एकदम गलका केला. दंतमंजनच आहे! बरोबर आहे! आता दात घासायलाही बंदी करणार का? पुरुषांना वाद नको होता, वडे निवत होते. पाटीलसाहेबांनी हात वर करायला सांगितले. दंतमंजनाच्या बाजूने सगळा हॉल. मशेरी वगळली.

मी तात्यांकडे बघत होते. मला वाटलं, चला, सुटले. बायकोची मशेरी वाचली. पण तात्यांची मान हळूहळू खाली आली. पार समोर आली. तोंडात काय आहे याचं त्यांना भान राहिलं नाही आणि त्यांनी आवंढा गिळला. तंबाखूसकट. मग काय विचारता. उचक्या सुरू. डोळ्यांत पाणी. यादव पाणी घेऊन धावला, कोणी पाठ चोळतंय, कोणी साखर आणतंय. "बघा, म्हणूनच बंदी पाहिजे," राणेकाका म्हणाले आणि वड्याकडे वळले.

मालनकाकू मागच्या रांगेतून उठून आल्या. त्यांनी नुसता हात धरला आणि तात्यांना वर घेऊन गेल्या.

संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात तात्या. मान सरळ. चूळ भरून आले होते. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा समोरून नीट बघितला. डोळे घारे होते, हे मला माहीतच नव्हतं.

"म्याडम, ते मशेरीचं परत घालता येईल का नियमात?"

"तात्या, ठराव झाला. आणि तुम्हाला काय करायचंय? काकूच तर लावतात. तुमच्या घरी बरंच झालं की."

ते खुर्चीवर बसले. हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं त्यांना, तळहातावर मळायला काही नव्हतं. मग म्हणाले, "तिच्या गालात आतनं पांढरा चट्टा हाय. शिबिरातल्या डॉक्टरणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. आत्ता बंद केलं आणि तपासत राहिलं तर निभंल. नाय केलं तर सांगता येत नाय म्हणली."

मग मी जे कोणीही विचारेल तेच विचारलं. "मग तुम्ही सांगा ना त्यांना. बंद करा म्हणून."

"मी कुठल्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले. "माझं तोंड बघा. आणि दुसरं म्हणजे, तिनं माझ्याकडं मागितलंय काय आजवर? कारखान्याचा पगार थकला तेव्हा बांगड्या मोडल्या, पण बोलली नाय. साडी नाय, फिरायला नाय, काय नाय. एवढी डबीभर मशेरी. ती पण मी भाजून देतो म्हणून. आता ती पण नाय म्हणू? मला नाय जमणार. म्हणून म्हटलं, नियम असला तर बरं. तिला सांगता येईल, मी नाय गं, सोसायटी म्हणती."

तर हे होतं अडकलेलं. हा माणूस बंदी मागत होता ती स्वतःला 'नाही' म्हणता येत नाही म्हणून. जिला आयुष्यभर कशाला नाही म्हटलं नाही, तिला नाही म्हणण्यासाठी त्याला चेअरमन, सेक्रेटरी आणि अख्खा हॉल लागत होता. आणि त्या हॉलने दंतमंजन म्हणून हात वर केले होते. माझाही हात होता त्यात. वडे निवत होते.

"मी बोलते काकूंशी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तात्या खाली गेल्यावर मी समोरच्या घरी गेले. मालनकाकू लसूण सोलत होत्या. मी आपली आडून आडून सुरुवात केली, दात, आरोग्य, हल्लीचे डॉक्टर. काकूंनी मध्येच थांबवलं.

"चट्ट्याचं म्हणताय व्हय? मला माहीत हाय. तोंड माझं हाय, चट्टा त्यास्नी सांगितला. मला काय आरशात दिसत नाय?"

"मग काकू, सोडून द्या ना मशेरी."

"सोडलीच हाय की," त्या म्हणाल्या आणि ओट्याखालचा दरवाजा उघडला. आत डब्या. गोळ्यांच्या, बामाच्या, कुंकवाच्या, जी मिळेल ती डबी, सगळ्या गच्च मशेरीने भरलेल्या. "शिबिराच्या आधीच जळजळायला लागलं, तवापासनं लावत नाय. सकाळी नुसतं बोट काळं करून फिरवते, त्यास्नी दिसावं म्हणून."

मी खालीच बसले. "मग तात्यांना भाजायला का लावता?"

काकूंनी ओट्याखालचा दरवाजा लावला. मग म्हणाल्या, "कारखान्यात तीन पाळ्या असायच्या. हे यायचे तवा मी झोपलेली, मी उठायचे तवा हे झोपलेले. बोलायचं कधी? रविवारी सकाळी मशेरी भाजायला बसायचे, तेवढंच. नवीन लग्न झाल्यावर धुरानं मला ठसका लागायचा, म्हणून म्हणले, तू लांब बस, मी भाजतो. तवापासनं बसत्यात. आता तर दिवसभर खालीच असत्यात. बायामाणसांत घरात काय बसायचं म्हणत्यात. मी सोडली म्हटलं तर रविवारी पण खालीच जातील. आन् त्यांना वाटंल, हिला माझ्याकडनं काय नको झालं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "त्यास्नी नका सांगू. मनाला लावून घेतील."

मी घरी आले आणि डोकं धरून बसले. कोर्टात मी तऱ्हेतऱ्हेचे खटले पाहिले, पण दोन्ही पक्षांची मागणी एकच आणि तरी खटला चालूच, असा नाही पाहिला. तात्यांना सांगावं तर काकूंना दिलेला शब्द मोडतो. काकूंना सांगावं तर तात्यांचा आडोसा जातो. आणि दोघांना एकदम सांगावं तर दोघंही लाजेने आठवडाभर एकमेकांसमोर यायची नाहीत, याची मला खात्री.

मग मी सेक्रेटरी म्हणून माझा पहिला आणि शेवटचा हुकूम काढला. तो मी लिहिलासुद्धा नाही. समोरच्या दारात उभी राहिले, दोघांना बोलावलं आणि कोर्टातल्या आवाजात सांगितलं, की आगीच्या नियमाप्रमाणे गॅलरीत शेगडी पेटवायला सक्त मनाई आहे, आणि मशेरी घरात भाजली तर वासाची तक्रार मी स्वतः करणार आहे. तेव्हा ह्यापुढे बंद.

तात्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता हे पकडले जातात. पण लगेच कपाळाला आठ्या घालून काकूंकडे वळले. "बघ. मी नाय गं, सोसायटी म्हणती."

"मेली सोसायटी," काकू म्हणाल्या. चेहरा पाडला होता, पण पदराआडून माझ्याकडे बघून मान हलवली. "जाऊ द्या. नाय तर नाय. मी काय मरत नाय त्याच्याबिगर."

त्या दिवसापासून दोघं मिळून मला शिव्या द्यायला लागली. दारासमोर दार, सगळं ऐकू येतं. "बाई कडकच हाय." "कोर्टातली ना." एकंदरीत बरं चाललं होतं.

मग रविवार आला. सकाळी हे म्हणाले, "आज खिडकी लावायला नको, किती छान." मीही चहा घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. वास नाही, ठसका नाही. आणि मी कप खाली ठेवला. काकूंचं वाक्य आठवायला लागलं. रविवारी पण खालीच जातील. मी वाकून गेटकडे बघितलं. बाक रिकामा होता. यादव एकटाच.

राहवलं नाही. गेले समोर. दार उघडंच होतं. सून झोपलेली, मुलगा आणि नात बाहेर, सगळं नेहमीसारखं. गॅलरीत काकू पाटावर बसल्या होत्या, मांडीवर रद्दी पेपरची घडी. तात्या समोर मांडी घालून बसले होते, नाकाला पंचा बांधलेला. मध्ये शेगडी, विझलेली, तिच्यावर तवा. तवा रिकामा. तात्यांच्या हातात उलथनं.

कोणी बोलत नव्हतं. जॉबरची गोष्टसुद्धा नाही. बहुतेक ती पानं परतल्याशिवाय सुरूच होत नसावी.

मला बघून तात्यांनी पंचा खाली ओढला. "म्याडम, शेगडी पेटवली नाय," ते घाईने म्हणाले. "नियम मोडला नाय आम्ही. नुसतं बसलोय." मग उलथन्याकडे बघत हळूच म्हणाले, "आता काय भाजायचं?"

मी घरी आले, डब्यातले कच्चे शेंगदाणे पातेल्यात ओतले, होते तेवढे सगळे, आणि तशीच परत गेले. पातेलं तव्याशेजारी ठेवलं.

"गॅलरीत?" तात्यांनी विचारलं. "आणि तो आगीचा नियम?"

"तसं नाही ते," मी म्हटलं. "पण तसंच."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मला आजही सांगता येणार नाही की त्यांना किती कळलं. काकूंनी त्यांना सांगितलं का, त्यांनी काकूंना सांगितलं का, की दोघांनाही सगळं आधीपासून ठाऊक होतं आणि मीच एकटी गोंधळलेली होते. त्यांनी शेगडी पेटवली, दाणे तव्यावर पसरले आणि सवयीने मान मागे टाकली. गालात बार होताच. त्या प्रकरणाची सुनावणी अजून लागायची आहे, आणि ती मी लावणार आहे, सोडणार नाही. पण त्या दिवशी नाही.

"याला किती वेळ लागंल म्याडम?" त्यांनी वर बघत विचारलं.

दाणे भाजायला काय लागतं? ओट्यावर पोळ्या लाटता लाटता होतात.

"मंद आचेवर भाजावे लागतात," मी म्हटलं. "घाई केली तर करपतात. जेवणाची वेळ होईल सहज."

"ऐकलं का?" काकू म्हणाल्या, आणि धूर नसतानाही पेपरच्या घडीने वारा घालायला लागल्या.

मी दाराकडे वळले. मागे जॉबर झोपला होता, साहेब आला होता, आणि काकू पुढचं वाक्य सांगायच्या तयारीत होत्या. दार ओढून घेताना मी वळून बघितलं. तात्यांनी हात पुढे करून गॅस आणखी बारीक केला.